नाथांच्या गाढवाचं पुढे काय झालं

पुण्याची गोष्ट सांगायची तर गाढव टाळता येत नाही. १६३०च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणं जाळलं, वस्तीवरून गाढवाचा नांगर फिरवला, भर गावात पहार ठोकून तिला तुटकी वहाण आणि केरसुणी टांगली, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग जिजाबाई शिवबांना घेऊन आल्या, सोन्याचा नांगर फिरला, गाव पुन्हा वसलं. लाल महालात त्या सोन्याच्या नांगराचं शिल्प आहे. आधीचा नांगर ओढणाऱ्यांचं कुठे काही नाही, आणि असावं असा माझा आग्रहही नाही. पण त्या गाढवांना कुणी विचारलं नव्हतं. जुंपलं, त्यांनी ओढलं. नंतरची साडेतीनशे वर्षं ह्याच गावात ती माती, वाळू, चुना, विटा वाहत राहिली. पेठांतल्या ज्या बोळांत बैलगाडी वळत नव्हती तिथे वाड्यांचं सामान कुणाच्या पाठीवरून गेलं, हे वाडासंस्कृतीवरच्या लेखांत सहसा येत नाही. चौक येतो, तुळशीवृंदावन येतं, झोपाळ्याच्या कड्यासुद्धा येतात.

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे, नदीच्या अंगाला, एक मोकळा प्लॉट आहे. मोकळा म्हणजे राडारोडा टाकायला मोकळा. केशवनगरात असे तुकडे अजून उरलेत. एकीकडे कुंभारांची घरं, दारात उन्हाला लावलेले माठ आणि पणत्या, दुसरीकडे उंच टॉवर, आणि मधे ही कुणाचंच लक्ष नसलेली जमीन. गणपती उठले त्या आठवड्यात त्या प्लॉटवर एक गाढवीण दिसायला लागली. आधी वाटलं, चरायला येत असेल. मग लक्षात आलं की ती येत नाही आणि जातही नाही. ती तिथेच असते.

तिची उभं राहण्याची पद्धत विचित्र होती. पुढचे पाय लांब टाकलेले, अंग मागे रेललेलं, सगळा भार मागच्या पायांवर. जवळ गेल्यावर कारण दिसलं. पुढचे दोन्ही खूर इतके वाढले होते की त्यांची टोकं जत्रेतल्या मोजडीसारखी वर वळून आली होती. गाढवाचा खूर सतत वाढत असतो. काम असलं, कडक रस्ता असला की झिजतो. नसलं तर दर सहा ते दहा आठवड्यांनी कापावा लागतो. हिच्या खुराला वर्षभरात तरी कुणी हात लावलेला नव्हता. पाठीवर मणक्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे ठिपके होते. ते जन्मजात नसतात. गोणी घासून जखम होते, भरते, पुन्हा होते, आणि शेवटी त्या जागी पांढरेच केस उगवतात. ज्याला हे माहीत आहे त्याला पाठ बघून जनावराच्या नोकरीचा अंदाज येतो. हिची नोकरी मोठी झाली होती.

लोकांना दया येत नव्हती असं अजिबात नाही. उलट जरा जास्तच येत होती. सकाळी फिरायला जाणारी मंडळी बिस्किटांचे पुडे घेऊन जायची. गुरुवारी कुणीतरी गूळ-चणे ठेवायचं. पितृपक्षात तर कावळ्यासाठी काढलेल्या पानातलं उरलंसुरलं, म्हणजे वडे, खीर आणि एकदा चक्क पुरणपोळी, भिंतीवरून पलीकडे गेलं. गाढव मूळचं आफ्रिकेतल्या कोरड्या माळरानांतलं जनावर. माणसाने त्याला सुमारे सात हजार वर्षांपूर्वी माणसाळवलं, पण त्याचं पोट अजून त्याच माळावर आहे. वाळलेलं, जाडंभरडं, थोडं थोडं, दिवसभर: हे त्याचं खाणं. गोड आणि पिठूळ पोटात गेलं की त्याचा त्रास पायात उतरतो, खुराच्या आतला भाग सुजतो आणि टेकवणं मुश्कील होतं. म्हणजे आधीच पाय दुखत असलेल्या गाढविणीला आमची सोसायटी पुण्य म्हणून आणखी पायदुखी वाढत होती. हे मी ग्रुपवर लिहिलं तर एका सद्गृहस्थांनी "जिथे श्रद्धा तिथे पचतं" असं उत्तर दिलं. त्यांना काय म्हणणार?

त्याच ग्रुपवर एक वेगळीच गोष्ट कळली. आमच्या विंगमधल्या एक आजी म्हणाल्या, "अगं, हिचंच असेल, आमच्या नातवाला पाजलं होतं." पुण्यातल्या गल्ल्यांतून गाढविणीचं दूध विकायला माणसं फिरायची, अजूनही क्वचित फिरतात. दारात गाढवीण उभी करून चमचाभर दूध काढून द्यायचं, बाळाच्या खोकल्यावर, कफावर. कच्चं दूध तान्ह्या बाळाला देऊ नका म्हणून डॉक्टर कानीकपाळी ओरडतात ते बरोबरच आहे. पण आजींच्या हिशेबाने आमच्या इमारतीतला निदान एक इंजिनियर भिंतीपलीकडच्या तिचं किंवा तिच्या जातभाईणीचं दूध पिऊन वाढलेला होता.

मालक शोधायला फार हिंडावं लागलं नाही. कुंभारांच्या आळीत दुसऱ्याच दारात उत्तर मिळालं. मामा सत्तरीच्या पुढचे. ते कुंभार नव्हते. विटा, वाळू आणि राबिट वाहायचं काम त्यांच्या घरात बापजाद्यांपासूनचं. सोसायटीची बाई दारात बघून त्यांना वाटलं, तक्रार घेऊन आली.

"काय नासधूस केली का तिनं?"

"नाही हो मामा. पाय बघितलेत का तिचे?"

"बघितल्यात की." जरा थांबून म्हणाले, "रोज बघतो. पाण्याची बादली मीच ठेवतो सकाळी."

ती बादली आमच्यापैकी प्रत्येकाने पाहिली होती, आणि ती सोसायटीतलंच कुणीतरी भरतं असा प्रत्येकाचा समज होता.

मामांनी मला बाजेवर बसवलं आणि स्वतः उंबऱ्यावर बसले. गाढवीण जेजुरीच्या बाजारातली. पौष पौर्णिमेच्या यात्रेला खंडोबाच्या पायथ्याशी बंगाली पटांगणात गाढवांचा बाजार भरतो. गुजरातेतून काठेवाडी गाढवं येतात, आसपासची गावठी येतात, आणि जबडा उघडून दात बघून भाव ठरतो. साधारण पाच वर्षांत सगळे पक्के दात येतात, त्यापुढे झिजेवरून वय ओळखायचं. हिला आणली तेव्हा चार दात आलेले होते. निम्मे पैसे रोख, निम्मे पुढच्या यात्रेला. कोणतं साल, हे मामांना सांगता येईना, पण थोरल्या मुलीच्या लग्नाच्या आदल्या वर्षी, हे पक्कं, आणि त्या मुलीची मुलगी आता कॉलेजात जाते. म्हणजे गाढवीण पंचविशीच्या आतबाहेर. नीट सांभाळलं तर गाढव तिशी ओलांडतं. वीटभट्टीवरचं सहसा इतकं टिकत नाही.

"तीस विटा टाकायचो एका खेपेला. कवा पस्तीस. वर मुरूम असला तर फावडी मोजत न्हाई कुणी."

"मग काम बंद कधी केलंत?"

"नातवानं टेम्पो घेतला तवा. टेम्पो काम असलं तरच डिझेल खातो, ताई. ही काम नसताना बी खाती."

ह्या एका वाक्यात जे आहे ते सरकारी आकड्यांतही आहे. २०१२च्या पशुगणनेत देशात सव्वातीन लाखांच्या आसपास गाढवं होती. २०१९च्या गणनेत १ लाख २० हजार उरली. सात वर्षांत ६१ टक्के कमी. महाराष्ट्रात २९ हजारांची १८ हजार झाली. टेम्पो आले, जेसीबी आले, रस्ते रुंद झाले, आणि ह्यात वाईट काहीच नाही. कुणाच्या पाठीवर विटा लादायची गरज संपली तर चांगलंच झालं. प्रश्न इतकाच आहे की ती दोन लाख गाढवं गेली कुठे? ती सगळी म्हातारी होऊन माळावर शांतपणे मेली असं कुणी मानत असेल तर मानो. आंध्रात गाढवाचं मटण विकलं जातं, खरं म्हणजे अन्न म्हणून गाढव मारायला परवानगी नाही तरीही. चीनमध्ये गाढवाचं कातडं उकळून 'एजियाओ' नावाचं औषधी जिलेटिन करतात, आणि त्याची भूक एवढी वाढली की २०२४ च्या फेब्रुवारीत आफ्रिकी संघाच्या देशांनी मिळून कातड्यासाठी गाढवं मारण्यावर पंधरा वर्षांची बंदी घातली.

मामांना एजियाओ माहीत नव्हतं, पण व्यापारी माहीत होते. "मागल्या साली दोघं आलते. म्हातारी-कोतारी, लंगडी, सगळी घेतो म्हणले. शेजाऱ्यानं दोन दिली. मी न्हाई दिली."

"का?"

"कशाला न्हेत्यात ते ठावं हाय की. सा शिंगरं दिली हिनं मला."

तोवर सोसायटीत एक मतप्रवाह जोर धरत होता की मालकावर पोलीस केस करा. कायद्याने ती होऊ शकली असती. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराला पुरेसं खायला न देणं, उपाशी मरेल अशा अवस्थेत सोडून देणं, हे सगळं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. आकडा १९६०चाच आहे, तेव्हा पन्नास रुपयांना वजन होतं. १९६५च्या नियमांत तर ओझ्याची मर्यादाही दिलेली आहे: गाढवाला जास्तीत जास्त ५० किलो, खेचराला २००. दिवसाला नऊ तासांहून जास्त काम नाही, सलग पाच तासांनंतर विश्रांती, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन काम बंद. वाचायला सुंदर आहे. पन्नास किलो म्हणजे पंधरा-सोळा विटा. ज्या माणसाने तिच्यावर तीस विटा लादल्या, त्याने गुन्हा केला, हे मला मान्य आहे, आणि मामांनाही मी ते सांगितलं. ते म्हणाले, "व्हय, लई वझं टाकलं." पण त्या तीसच्या तीस विटा कुठल्या ना कुठल्या भिंतीत गेल्या. भिंतीच्या आत राहणाऱ्यांनी भिंत वाहून आणणाऱ्यावर केस करायची, ही कल्पना मला झेपली नाही. शिवाय केस करून गाढविणीचं काय झालं असतं? ती मुद्देमाल झाली असती.

एकनाथ महाराजांची गोष्ट आपल्या सगळ्यांच्या पाठ आहे. काशीहून रामेश्वराला न्यायची गंगेची कावड, वाटेत वाळवंटात तडफडणारं गाढव, आणि नाथांनी ती कावड गाढवाच्या तोंडात रिकामी केली. माझ्या लहानपणी हे चित्र कॅलेंडरवरसुद्धा यायचं. त्या गाढवाचं पुढे काय झालं ते मात्र कुठल्या कीर्तनकाराने सांगितलेलं माझ्या ऐकण्यात नाही. ते पाणी पिऊन उठलं असेल. संध्याकाळी त्याला खायला लागलं असेल, दुसऱ्या दिवशीही. कुणाच्या तरी दावणीला गेलं असेल, पुन्हा गोणी आली असेल. दया करायला एक दुपार पुरते. त्यापुढचा कडबा कुणी घालायचा ही नाथांची अडचण नव्हती, आमची होती.

कारण मामा तयारच होते. "कुठं सांभाळत असतील तर न्या, माझं ना न्हाई," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. सांभाळणारं कोण, ते सापडेना. एका कार्यालयात फोन उचलणाऱ्याने विचारलं, "गाढव म्हणजे खरंच गाढव?" एका हेल्पलाइनवर कुत्र्यासाठी एक दाबा, मांजरासाठी दोन, पक्ष्यांसाठी तीन. एका गोशाळेचे व्यवस्थापक भले गृहस्थ होते, तासभर बोलले, आणि शेवटी म्हणाले, "ताई, आमच्याकडे पैसा गाईच्या नावाने येतो. उद्या देणाऱ्याने विचारलं तर?" त्यांचंही खरं. गाईला पुण्य आहे, बैलाला पोळा आणि बेंदूर आहे, घोडा नवरदेवाचा, कुत्रा खंडोबाचा. गाढव शीतलादेवीचं वाहन आहे म्हणावं तर देवीच्या रोगाबरोबर तिचाही दरारा ओसरला. 'गाढवाने शेत खाल्लं, पाप ना पुण्य' ही म्हण शेतमालकाच्या बाजूने केलेली आहे, पण तिचा उलटा अर्थही तितकाच लागू पडतो. त्याला खाऊ घातलं तरी खात्यावर काही जमा होत नाही.

शेवटी ओळखीतल्या एका पशुवैद्य मुलीने पुरंदरच्या बाजूच्या एका निवाऱ्याशी गाठ घालून दिली. तिथे म्हातारी घोडी, खेचरं आणि काही गाढवं आहेत. चालवणारी बाई फोनवर कोरडी बोलली, आणि त्यामुळेच मला तिचा विश्वास वाटला. तिने गाढविणीचं नाव विचारलं नाही, फोटो मागितले ते फक्त खुरांचे आणि दातांचे. मग अटी सांगितल्या. मालकाचं लेखी पत्र. धनुर्वाताचं इंजेक्शन. आणि ग्लँडर्ससाठी रक्ताची तपासणी, तिचा निकाल आल्याशिवाय जनावर हलवायचं नाही.

ग्लँडर्स हा घोडा-गाढवांचा रोग माणसालाही होतो, त्यामुळे त्यात हयगय चालत नाही. नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातो. रोग निघाला तर त्या जनावराला नियमाने मारून टाकावं लागतं. म्हणजे तिला वाचवण्यासाठी जे रक्त काढलं त्यानेच ती जाऊ शकत होती. मी हे मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी सुई टोचणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे बघितलं आणि म्हणाले, "काढा. जे हाय ते हाय." निकाल चांगला आला, पुढे त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

निकालाची वाट बघण्याच्या दिवसांत खुरांचं काम झालं. पुण्यात रेसकोर्स आहे, लग्नाच्या घोड्या आहेत, म्हणून नालबंद अजून मिळतात. आले ते चाचा कॅम्पातले, घोड्यांचे पाय हातात घेऊन आयुष्य गेलेलं. गाढवासाठी बोलावलंय हे कळल्यावर त्यांनी दर कमी केला, का ते सांगितलं नाही.

त्यांनी आधी काहीच केलं नाही. तिच्या खांद्याशी टेकून उभे राहिले, बिडी नाही, बोलणं नाही. मग हात मानेवरून खांद्यावर, खांद्यावरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून खाली नेला आणि घोट्यापाशी नुसता दाब दिला. तिने पाय उचलून दिला. कुणी सांगितल्यासारखा. "काम केलेलं जनावर आहे," चाचा म्हणाले. पाय त्यांनी मांडीवर घेतला, मला म्हणाले, "मॅडम, जरा इकडून धरा." मी खाली बसून धरला. अडला हरी गाढवाचे पाय धरी ही म्हण मी अनेकांना अनेकदा ऐकवलेली आहे. मामा उंबऱ्यावरून हसले ते त्यामुळेच असावं.

खूर हातात घेतल्यावर कळतं की ते किती जड झालेले असतात. चाचांनी वाकड्या पात्याच्या सुरीने तळवा खरवडायला घेतला तसा आतून काळा, ओला, कुजकट वासाचा लगदा निघाला. त्यात रुतून बसलेला मुरमाचा एक खडा होता, चिंचोक्याएवढा, कडा झिजून गुळगुळीत झालेला. तो किती महिने आत होता कुणास ठाऊक. चाचांनी तो माझ्या तळहातावर ठेवला आणि मोठी पकड घेतली. खूर कापला जाताना सुपारी फुटावी तसा कट्कन आवाज झाला आणि वर वळलेलं टोक खाली पडलं. मग कानस. राखाडी भुगा तिच्या पायावर, माझ्या साडीवर. कापलेल्या जागी आतलं शिंग स्वच्छ, पिवळसर, अगदी नवं दिसलं. मला वाटलं, आता पुरा आकार येईल. चाचा थांबले. घोड्याचा खूर पसरट, गाढवाचा उभा आणि अरुंद, हे त्यांनी बोटांनी दाखवलं. "आज आधाच. इतके दिवस ती मागे झुकून उभी राहिली, शिरा तशाच झाल्या. एकदम सरळ केलं तर चालायची नाही. बाकीचं महिन्याने, जिथे असेल तिथे." तिला खाली सोडल्यावर ती जागची हलली नाही. मग एक पाय टेकला, उचलला, पुन्हा टेकला.

न्यायला छोटा हत्ती ठरवला. गाढव छोट्या हत्तीतून जाणार ह्यावर सोसायटीतल्या पोरांनी जे विनोद करायचे ते करून घेतले. ड्रायव्हर उत्साही होता. त्याने फळी लावली, दोर ओढला, गाढवीण थांबली. त्याने जोरात ओढला, ती आणखी थांबली. दोन पोरं मागून ढकलायला गेली. घोडा घाबरला की पळतो. गाढव घाबरलं की जागच्या जागी थिजतं, आजूबाजूचं बघतं, पटलं तरच पाय टाकतं. एकट्या-दुकट्या डोंगरात राहणाऱ्या जनावराला ते शहाणपणच आहे, पण गोणी लादणाऱ्याला तो हट्ट वाटतो आणि काठी निघते. ड्रायव्हरनेही फोक शोधायला सुरुवात केली होती.

मामा आतून आले. त्यांनी दोर सोडायला लावला. फळीवर गोणपाट अंथरलं, त्यावर माती भुरभुरली, पोरांना लांब उभं केलं. मग ते स्वतः फळीवरून टेम्पोत चढले, आत पाठमोरे उभे राहिले आणि जिभेने टाळ्याला एक आवाज केला. तिचे कान फिरले. बराच वेळ काही घडलं नाही. ड्रायव्हरने घड्याळ बघितलं, मी त्याला वेटिंगचे पैसे कबूल केले. मामांनी पुन्हा तोच आवाज केला, मागे न बघता. तिने गोणपाट हुंगलं, एक पाय टाकला, आणि चढून गेली. भट्टीवर विटांच्या चढावर ते दोघं असेच जात असणार, तो पुढे, ती मागे. मामा उतरायला तयार नव्हते. म्हणाले, "मी मागंच बसतो. घाटात भील ती." दिवे घाटातून सासवडकडे पूर्ण वाट ते तिच्या मानेखाली खांदा देऊन उभे होते.

निवाऱ्यावर फॉर्म भरायचा होता. वय, अंदाजे पंचवीस. रंग, राखाडी. नाव?

पहिल्या दिवशी मी विचारलं होतं तेव्हा मामा म्हणाले होते, "जनावराला कसलं नाव?" आता बाईने पेन वर केलं तर ते लगेच म्हणाले, "चंद्री."

दात तपासले तेव्हा दाढांना बाहेरच्या बाजूने टोकं आलेली निघाली. ती गालाला लागत, म्हणून कडबा चावून चोथ्याचे गोळे ती तोंडातून टाकत होती. प्लॉटवर मी ते गोळे पाहिले होते, बाकीच्यांनीही, आणि सगळ्यांनी त्याचा अर्थ 'हिला कडबा आवडत नाही, बिस्किटं आवडतात' असा काढला होता. टोकं घासून घेतली. आता तिला कुट्टी भिजवून मिळते. खायचं एकदम बंद झालं तर गाढवाच्या रक्तात चरबी उतरते आणि ते काही दिवसांत दगावू शकतं, म्हातारं तर लवकरच. आणि खाणं बंद व्हायला जोडीदार तुटल्याचं निमित्तही पुरतं. त्यामुळे वेगळं ठेवण्याचा काळ संपल्यावर बाईने तिला एका आंधळ्या गाढविणीशेजारी बांधलं. आंधळीला चंद्रीच्या खुरांचा आवाज पुरतो. चंद्रीला काय पुरतं ते कळायला मार्ग नाही, पण ती खाते. गेल्या महिन्यात बाईचा फोन आला की तिने डॉक्टरला लाथ मारली, चांगली सणसणीत. बाई पहिल्यांदाच खुशीत बोलल्यासारखी वाटली.

कडब्याच्या पैशांसाठी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. पहिला प्रश्न आला, ८०जीची करसवलत मिळते का? मिळते, म्हटल्यावर पैसे जमले, त्यात श्रद्धावाले सद्गृहस्थही आले, आणि त्यांनी सगळ्यांत जास्त दिले हे सांगायला हवं.

मामा अधूनमधून फोन करतात, तो त्यांच्या नातवाच्या मोबाईलवरून. चंद्रीची चौकशी करतात, कापलेले खूर पुन्हा वाढले का विचारतात. परवाचा फोन वेगळा होता. वाघोलीकडची एक भट्टी बंद झाली. तिथे दोन म्हातारी गाढवं मागे राहिलीत, मालक गावी निघून गेला, आणि व्यापाऱ्याची माणसं येऊन बघून गेलीत. "तिथं घेत्याल का, ताई?"

मी निवाऱ्याला फोन लावला. बाई म्हणाली, एकाची जागा आहे. कोणतं जास्त थकलेलं आहे ते दात बघून कळवा.

मामांना सांगितलं. थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "टेम्पो हाय घरचा. मी जातो, बघून सांगतो."